एक फ्रेझल व्हर्ब, अनेक अर्थ: ओळखायचे कसे, वापरायचे कसे

पुण्यातल्या एका कंपनीत मी रात्रपाळीला बसून ब्रिटनमधल्या ग्राहकांचे फोन घेत असे. नोकरी लागून जेमतेम दीड महिना झाला होता. एका शीतगृहाच्या रखवालदाराचा फोन आला आणि तो म्हणाला, ‘द अलार्म वेंट ऑफ अ‍ॅट टू.’ ‘ऑफ’ म्हणजे बंद, हे लहानपणापासून विजेच्या बटणांवर वाचत आलेले. त्यामुळे मी तक्रारीच्या नोंदीत ‘दोन वाजता अलार्म बंद पडला’ असे लिहिले आणि अलार्म दुरुस्त करणाऱ्याला तिकडे पाठवण्याची व्यवस्था केली. प्रत्यक्षात अलार्म दोन वाजता वाजू लागला होता, कारण आतले तापमान वाढत होते. अलार्म ठणठणीत होता. बिघडले होते ते थंडावा देणारे यंत्र. ते दुरुस्त करणारा माणूस सकाळपर्यंत पोहोचला नाही आणि माझी ती एका ओळीची नोंद दुसऱ्या दिवशी वरिष्ठांच्या टेबलावर पोहोचली.

मग मी बहुतेक जण करतात तेच केले. दोनशे फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे ‘गो ऑफ’सारख्या क्रियापद आणि लहान शब्द यांच्या जोड्यांची, एक यादी मिळवली आणि पाठ करायला घेतली. यादीत ‘गो ऑफ’पुढे ‘वाजणे’ एवढेच होते. पुढच्याच आठवड्यात ‘द लाइट्स वेंट ऑफ’ ऐकले, म्हणजे दिवे गेले. नंतर ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’, म्हणजे दूध नासले. त्यानंतर एका बाईंनी ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी’ म्हणून सांगितले, म्हणजे त्यांना आता कॉफी नकोशी झाली होती. यादी तिथेच संपली. पुढच्या दोन वर्षांत जी पद्धत हाती लागली, ती नव्याने शिकणाऱ्यांसाठी क्रमाने मांडत आहे.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ असाव्यात अशा गोष्टी

- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन या तिघांचेही असे शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. इंग्रजी-मराठी शब्दकोश सोबत असू द्यावा, पण निर्णय त्याच्यावर सोपवू नये. त्यात फ्रेझल व्हर्बचे बहुधा एक-दोनच अर्थ दिलेले असतात.
- शंभर पानी वही. मोबाइलमध्ये टिपणे ठेवण्याला हरकत नाही, पण हाताने लिहिलेले माझ्या तरी जास्त लक्षात राहते.
- रोज वाचायला किंवा ऐकायला खऱ्या वापरातले थोडे इंग्रजी: बातमी, मुलाखत, कार्यालयातले ईमेल, काहीही चालेल.

१. आधी ‘लागणे’ हे क्रियापद डोळ्यांसमोर आणा

एकाच क्रियापदाला इतके अर्थ असतात कसे, अशी तक्रार करण्यापूर्वी आपल्या घरात डोकवावे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दार लागते, वेळ लागतो, नवीन चप्पल लागते, आणि घाटात एखाद्याला गाडी लागते. तीच गाडी स्थानकात फलाटाला लागते, तेव्हा मात्र कोणाला उलटी होत नाही. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे सारे पाठ करायला सांगितले, तर तो आपल्याइतकाच वैतागेल.

आपण स्वतः हे कधी पाठ केले नाही. आपण ‘लागणे’ एकटे ऐकतच नाही. काय लागले आणि कोणाला लागले, हे त्याच्यासोबत ऐकतो. ‘गाडी’च्या जवळ ‘मला’ आले की पोटात ढवळते आणि ‘फलाटाला’ आले की आपण पिशव्या उचलतो. इंग्रजी माणूस ‘गो ऑफ’ किंवा ‘टेक ऑफ’ नेमके असेच ऐकतो. पुढच्या सर्व पायऱ्या या एका निरीक्षणावर उभ्या आहेत.

२. समोर आहे ते फ्रेझल व्हर्बच आहे ना, हे पाहा

क्रियापद आणि त्याच्या मागून येणारा ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांसारखा लहान शब्द मिळून जेव्हा एकच अर्थ देतात, तेव्हा त्या जोडीला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. पण हे लहान शब्द पुष्कळदा साधी दिशाही दाखवतात. ‘ही रॅन अप द हिल’ म्हणजे तो टेकडीवर धावत गेला. यात ‘अप’चा संबंध टेकडीशी आहे. ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे त्याने बिल चढवले. इथे धावण्याचा काही संबंध उरलेला नाही आणि ‘अप’ क्रियापदाला चिकटलेला आहे. शब्दशः अर्थ लावून वाक्य जुळत असेल तर फार खोलात जाऊ नये. बिलावर धावत जाण्यासारखे काही विचित्र दिसू लागले, की थांबून जोडी म्हणून विचार करावा.

३. कर्ता आणि कर्म तपासा

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. शाळेत सकर्मक आणि अकर्मक क्रियापदे शिकताना ज्यांना त्याचा उपयोग काय असा प्रश्न पडला होता, त्यांना तो इथे सापडेल.

‘टेक ऑफ’ घेऊ. पहिला प्रश्न असा विचारायचा की वाक्यात कर्म आहे का. नसेल, तर कर्ता पाहायचा. कर्ता विमान असेल तर उड्डाण झाले. कर्ता धंदा किंवा एखादी कल्पना असेल तर तिने जोर धरला. कर्ता माणूस असेल, जसे ‘ही टुक ऑफ विदाउट अ वर्ड’, तर तो न सांगता चालता झाला. कर्म असेल, तर कर्त्याकडे दुर्लक्ष करून कर्म पाहायचे. बूट, कोट, चष्मा असेल तर काढला. सोमवार किंवा आठवडा असेल तर रजा घेतली. दहा पौंड असतील आणि पुढे किमतीचा उल्लेख असेल तर तेवढे कमी केले. पाठ करायची यादी सहा अर्थांची होती. लक्षात ठेवायचे प्रश्न मात्र दोनच निघाले.

‘ब्रेक डाउन’ही याच चाळणीतून जाते. कर्म नाही आणि कर्ता मोटार आहे: बंद पडली. कर्ता वाटाघाटी आहेत: बोलणी फिसकटली. कर्ता माणूस आहे: त्याला रडू कोसळले. आता कर्म आणा. दार असेल तर तोडले; खर्चाचा आकडा असेल तर त्याची फोड करून दाखवली. मराठीत आपणही आकड्यांची ‘फोड’च करतो, हे लक्षात आल्यावर हा शेवटचा अर्थ मला पुन्हा कधी बघावा लागला नाही.

कर्म वस्तू आहे की माणूस, यानेही अर्थ पालटतो. ‘पुट ऑफ’चे कर्म सामना, बैठक किंवा लग्न असेल तर ते पुढे ढकलले. कर्म माणूस असेल तर तीन शक्यता उरतात. मी पैसे मागत राहिले आणि तो आज-उद्या करत राहिला, यासाठी ‘ही केप्ट पुटिंग मी ऑफ’. कोणीतरी मध्येच बोलल्याने नेम धरणाऱ्याचे लक्ष उडाले, यासाठीही तेच क्रियापद. आणि ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड’ म्हणजे त्या वासाने जेवणावरची वासनाच उडाली. माणूस कर्म असताना या तिघांपैकी कोणता अर्थ, हे कर्ता सांगतो: वास, आवाज, की टोलवणारा गृहस्थ.

सरावासाठी एक साधा उपाय आहे. वाक्यातील फ्रेझल व्हर्ब बोटाने झाकावे आणि उरलेले वाचून तिथे कोणते मराठी क्रियापद बसेल, याचा अंदाज घ्यावा. ‘तीन दिवसांनंतर बोलणी…’ एवढे वाचले तरी ‘फिसकटली’ किंवा ‘संपली’ हे ओठांवर येते. मगच शब्दकोश उघडावा. आधी अंदाज बांधून मग पाहिलेला अर्थ टिकतो. थेट पाहिलेला दुसऱ्या दिवशी विसरायला होतो.

या उपायाला मर्यादा आहे, ती आधीच सांगते. काही वाक्यांत दोन उलटे अर्थ सारखेच बसतात. ‘व्यवस्थापकांनी प्रस्ताव…’ इथे स्वीकारलाही बसेल आणि फेटाळलाही. मूळ शब्द ‘टर्न्ड डाउन’ आहे, म्हणजे फेटाळला, हे माहीतच असावे लागते. माझ्या अलार्मचेही तेच झाले: दोन वाजता अलार्म वाजला आणि दोन वाजता अलार्म बंद पडला, ही दोन्ही वाक्ये धडधाकट आहेत. अशा वेळी फोनवर असाल तर सरळ विचारावे, ‘डू यू मीन इट स्टार्टेड रिंगिंग?’ समोरच्याला त्यात काही वावगे वाटत नाही. हा प्रश्न मी त्या रात्री विचारला असता, तर वरिष्ठांसमोर उभे राहण्याची वेळ आली नसती.

४. मागच्या शब्दाचा कल ओळखा, पण त्याला नियम समजू नका

संस्कृत शिकलेल्यांना ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते’ हे वचन आठवेल. उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे नेतो, असे सांगून त्याच श्लोकात प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार ही उदाहरणे दिली आहेत. धातू एकच, ‘हृ’; पण मारणे कुठे आणि जेवणे कुठे. इंग्रजीतले हे लहान शब्द तेच काम करतात, फक्त पुढे न लागता मागे लागतात.

त्यांचा थोडाफार कल सांगता येतो. ‘अप’ पुष्कळदा काम पुरते झाल्याचे दाखवतो: ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘क्लीन अप’. आपल्या ‘खाऊन टाक’, ‘संपवून टाक’ मधले ‘टाकणे’ जे करते, तेच. ‘ऑन’ क्रिया चालू राहिल्याचे दाखवतो, जसे ‘गो ऑन’ आणि ‘कॅरी ऑन’. मराठीतले ‘बोलत राहा’, ‘चालत राहा’. ‘ऑफ’मध्ये सुटण्याची किंवा तुटण्याची छटा असते आणि ‘आउट’मध्ये लपलेले बाहेर येण्याची किंवा साठा संपण्याची, जसे ‘फाइंड आउट’ आणि ‘रन आउट’. ‘डाउन’ कमी करतो किंवा कागदावर उतरवतो. ‘लिहून घे’ याऐवजी आपणही ‘उतरवून घे’ म्हणतोच.

सापळा असा आहे की हा कल कळल्यावर माणूस नवे फ्रेझल व्हर्ब स्वतःच घडवू लागतो. तसे करू नये. इंग्रजीत झाड आधी ‘कट डाउन’ होते आणि मग तेच ‘कट अप’ होते. पहिल्यात पाडले, दुसऱ्यात तुकडे केले. घर ‘बर्न डाउन’ होते आणि कागद ‘बर्न अप’ होतो, पण जळून दोन्ही जातात. कलाचा उपयोग पाहिलेला अर्थ लक्षात ठेवण्यासाठी करावा, न पाहिलेला रचण्यासाठी नव्हे.

५. कर्म कुठे ठेवायचे ते ठरवा

समजण्याचे काम इथे संपते आणि वापरण्याचे सुरू होते. ‘टर्न ऑफ द फॅन’ आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ दोन्ही बरोबर आहेत. पण ‘फॅन’च्या जागी ‘इट’, ‘देम’, ‘हिम’, ‘मी’ असे सर्वनाम आले, की ते मध्येच गेले पाहिजे: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ हे चूक आहे, आणि आपल्याकडची ही सर्वांत ठळक चूक आहे. ‘पिक अप’सारख्या क्रियापदाचे कर्म फार लांब असेल, जसे ‘काल लंडनहून आलेले ते मोठे पार्सल’, तर ते शेवटीच ठेवावे. इतके मोठे कर्म मध्ये कोंबले की ऐकणारा शेवटच्या ‘अप’ची वाट पाहत राहतो.

काही जोड्या मात्र फोडता येत नाहीत. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे. तिथे सर्वनामसुद्धा मागेच येते, ‘लुक आफ्टर हर’. तीन शब्दांची ‘पुट अप विथ’, ‘रन आउट ऑफ’, ‘कॅच अप विथ’ ही क्रियापदे बहुतेक अशीच एकसंध राहतात. कोणती फुटते आणि कोणती नाही, हे चांगला शब्दकोश क्रियापदाच्या मांडणीतूनच दाखवतो: ‘समथिंग’ किंवा ‘समबडी’ हा शब्द मध्ये छापला आहे की शेवटी, ते पाहावे. काही शब्दकोशांत तिथे दोन्हीकडे टोक असलेला बाण असतो. त्याचा अर्थ कर्म दोन्ही जागी चालते. मला हा बाण काय सांगतो हे वर्षभर कळले नव्हते, कारण शब्दकोशाची सुरुवातीची पाने मी कधी उघडलीच नव्हती.

‘लुक फॉरवर्ड टू’बद्दल एक स्वतंत्र इशारा. त्याच्या पुढे ‘मीट’ नव्हे, ‘मीटिंग’ येते: ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू.’ नोकरीच्या अर्जातले शेवटचे वाक्य बहुधा हेच असते, त्यामुळे ही चूक नेमकी नको तिथे दिसते.

६. जागा पाहून वापरा

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यानंतर राजदरबार, न्यायालय आणि विद्वत्तेच्या भाषेत फ्रेंच व लॅटिन शब्दांची भर पडत गेली. घरगुती बोलण्यात जुनी छोटी क्रियापदे राहिली. म्हणून आजही ‘पुट ऑफ’ला ‘पोस्टपोन’, ‘लुक इंटू’ला ‘इन्व्हेस्टिगेट’, ‘पुट अप विथ’ला ‘टॉलरेट’ असे भारदस्त जोडीदार आहेत. गंमत अशी की आपण इंग्रजी पुस्तकातून शिकल्यामुळे आपल्याला ‘पोस्टपोन’ सोपे वाटते आणि ‘पुट ऑफ’ अवघड. परक्यांना हा प्रकार सर्वाधिक छळतो, हे सॅम्युअल जॉन्सन यांनी आपल्या १७५५ सालच्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते. तेव्हा अडखळणारे आपण पहिले नाही.

बोलण्यात आणि सहकाऱ्यांच्या ईमेलमध्ये फ्रेझल व्हर्ब मोकळेपणाने वापरावे. करारनामा, संशोधनपर लेखन किंवा आयईएलटीएससारख्या परीक्षेतला निबंध असेल तर भारदस्त जोडीदार अधिक शोभतो. मात्र सरसकट बंदी घालू नये. ‘कॅरी आउट’ आणि ‘सेट अप’ हे गंभीर अहवालातही सहज चालतात.

लिहिताना आणखी एक बारकावा सांभाळावा लागतो. क्रियापद म्हणून ‘बॅक अप’, ‘लॉग इन’, ‘ब्रेक डाउन’ हे दोन शब्द आहेत. नाम म्हणून ‘बॅकअप’, ‘लॉगिन’, ‘ब्रेकडाउन’ हा एकच शब्द होतो. बोलतानाही फरक पडतो: ‘बॅक इट अप’ म्हणताना जोर ‘अप’वर येतो आणि ‘बॅकअप’ या नामात तो ‘बॅक’वर सरकतो.

७. आपल्या इंग्रजीतले सापळे

भारतात सर्रास चालणारे काही प्रयोग बाहेर वेगळेच समजले जातात. ‘आय पास्ड आउट इन २०१५’ हे आपल्याकडे पदवीचे वर्ष असते. लंडनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये ऐकणाऱ्याला वाटते की तुम्ही त्या वर्षी बेशुद्ध पडला होता. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावे. आपण फॉर्म ‘फिल अप’ करतो. ब्रिटनमध्ये तो ‘फिल इन’ करतात आणि अमेरिकेत ‘फिल आउट’. बसमधून आपण ‘गेट डाउन’ करतो, ते ‘गेट ऑफ’ करतात, आणि मोटारीतून मात्र ‘गेट आउट’. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ अनावश्यक आहे. नुसते ‘कोप विथ’ म्हणायचे.

‘मेक आउट’ जपून वापरावे. अक्षर लागणे, धूसर काही ओळखू येणे, हा त्याचा सभ्य अर्थ सगळीकडे आहे, आणि धनादेश कोणाच्या नावे लिहायचा यासाठीही तो वापरतात. अमेरिकी बोलीत मात्र कर्म न देता म्हटले, तर तो चुंबनाचा विषय होतो. इथेही निवाडा कर्मच करते.

८. वहीत एका पानावर एकच क्रियापद लिहा

आठवड्याला तीनपेक्षा जास्त घेऊ नयेत, आणि जे प्रत्यक्ष ऐकले किंवा वाचले असेल तेच घ्यावे. मराठी अर्थ एकटा कधी लिहू नये. शेजारी कर्ता किंवा कर्म असलेच पाहिजे. माझ्या वहीतले ‘पिक अप’चे पान असे आहे:

- जमिनीवर पडलेली किल्ली: उचलणे
- वाजणारा फोन: उचलणे
- स्थानकावर आलेली मावशी: गाडीने घेऊन येणे
- वाटेतले दुकान, दूध: येता येता घेणे
- शेजाऱ्यांची कन्नड: कानावर पडून शिकणे, उचलणे
- सर्दी: दुसऱ्याकडून लागणे
- संशयित, पोलीस: उचलणे
- धंदा, कर्म नाही: सावरणे, वाढीला लागणे
- वारा, कर्म नाही: जोर धरणे

नऊपैकी चार ठिकाणी मराठीतही ‘उचलणे’च आले आहे, तिथे पाठांतराचे कष्ट वाचले, म्हणून त्या ओळींखाली मी हिरव्या शाईने रेघ मारून ठेवली आहे. ‘गो ऑफ’चे पान वहीत पहिले आहे आणि त्यावर पहिली ओळ ‘अलार्म: वाजणे’ अशी आहे, लाल शाईने.